गुरुजींची ठेव

यवतमाळच्या कोर्टात वकिली सुरू करून मला बरीच वर्षं झाली. मृत्युपत्रं, वाटण्या, वारसनोंदी हे माझं रोजचं काम. अशिलांची नावं मी बाहेर सांगत नाही, इथेही सांगणार नाही. पण आपल्यामागे आपला पैसा एखाद्या संस्थेच्या कामी यावा, अशी इच्छा घेऊन आलेल्या माणसांच्या काही गोष्टी सांगणं मला गरजेचं वाटतं. अशा कितीतरी इच्छा नीट कागद न झाल्यामुळे वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

एका दुपारी दिग्रसकडचे एक निवृत्त गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलेला, पत्नी वारलेली, एकुलता एक मुलगा अमेरिकेत. भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, पेन्शनचं अंशराशीकरण असा निवृत्तीचा सगळा पैसा त्यांनी मुदत ठेवींत ठेवला होता. ठेवींच्या पावत्या कापडी पिशवीतून काढून त्यांनी माझ्यासमोर मांडल्या.

“वकीलसाहेब, आमच्या भागात एक वसतिगृह आहे. ज्यांच्या बापाने कर्जापायी जीव दिला, त्यांची लेकरं तिथे शिकतात. त्यातली काही माझ्या वर्गात होती. बँकेत म्हटलं, नॉमिनी म्हणून वसतिगृहाचं नाव लिहा. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत दिला. म्हणाली, संस्था चालत नाही, माणूस लागतो.”

मुलगी बरोबर बोलत होती. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून व्यक्तीच लागते. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी लावता येतात, पण ती चारही माणसंच असावी लागतात. खासगी नोकरीतल्या ईपीएफचा नियम तर आणखी कडक आहे. कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरचं नाव लिहिलं तर ते नामनिर्देशन बाद. ग्रॅच्युइटीचंही तसंच. म्युच्युअल फंडात मात्र धर्मादाय न्यासाचं नाव लावता येतं.

“मग वसतिगृहाच्या अध्यक्षांचं नाव टाकू का?” गुरुजींनी विचारलं.

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येकाला मी हात जोडून नको म्हणतो. अध्यक्ष भला माणूस असेल, पण पैसा त्याच्या खासगी नावावर येतो. उद्या अध्यक्ष बदलला किंवा वारला, तर कोणाकडे मागायचा? शिवाय ठेवीचा नॉमिनी हा मालक नसतोच. बँकेकडून पैसा ताब्यात घेऊन तो खऱ्या हक्कदाराला द्यायचा, एवढंच त्याचं काम. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं, पण विम्यात जवळच्या कुटुंबीयांपुरता तो नियम 2015 मध्ये बदलला. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद दिल्लीपर्यंत गेला, तेव्हा 14 डिसेंबर 2023 च्या निकालात शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही 1983 चंच तत्त्व लागू झालं. ठेवीचा पैसा शेवटी मृत्युपत्राप्रमाणे जातो, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांकडे.

“म्हणजे मृत्युपत्रच करावं लागेल,” गुरुजी म्हणाले.

“हो. पण मुलाला सांगितलंत का?”

ते गप्प झाले. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, “त्याला वाटेल, बापाने आपल्याला परकं केलं.”

आम्ही माझ्या ऑफिसातूनच फोन लावला. तिकडे रात्र होती. गुरुजींनी अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग मुलगा म्हणाला, “बाबा, इथे निवृत्तीच्या खात्यावर थेट संस्थेचं नाव लिहिता येतं. 401-के, म्हणजे कंपनीतर्फेचं निवृत्ती खातं असेल, तर बायकोची लेखी संमती लागते, एवढंच. धर्मादाय संस्थेला त्यावर आयकर पडत नाही, म्हणून पूर्ण रक्कम पोहोचते. मीही थोडा वाटा असाच लिहिलाय. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला.

मग आम्ही कागद केला. मुलगाच ठेवींचा नॉमिनी राहिला आणि मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्याच्याकडेच दिली. गुरुजींनी दोन साक्षीदारांसमोर सही केली. ज्याला काही मिळणार आहे, त्याला मी साक्षीला बसवत नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यावर मुद्रांक शुल्कही नाही. तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन या, असं मी सांगतोच, कारण पुढे सहीवरून वाद निघाला तर ती नोंद उपयोगी पडते.

त्या कागदात वसतिगृहाचं नाव लिहिताना मी न्यासाच्या नोंदणीचा दाखला मागवून घेतला. वकिलीच्या सुरुवातीच्या काळातली एक चूक त्यामागे आहे. एका आजींच्या मृत्युपत्रात मी ‘अनाथाश्रम’ एवढंच लिहिलं होतं, गावात सगळे त्याच नावाने ओळखायचे म्हणून. आजी गेल्यावर दोन संस्था पुढे आल्या. दोघींचंही काम चांगलं होतं, दोघींनाही गरज होती. तडजोड होईपर्यंत काही वर्षं गेली आणि तेवढी वर्षं तो पैसा कोणत्याच मुलाच्या ताटात पडला नाही. ते दुःख मला अजून आहे. तेव्हापासून धर्मादाय कार्यालयातलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पैसा कशासाठी वापरायचा आणि ती संस्था बंद पडली तर कोणाला द्यायचा, या चार गोष्टी लिहिल्याशिवाय मी मृत्युपत्र पूर्ण करत नाही.

हेतू लिहिण्याचं मोल आपल्या विदर्भानेच पाहिलं आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला सुमारे 35 लाख रुपये ठेवले आणि ते उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी, असं स्पष्ट सांगितलं. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तिथे शिकलेल्या रसायन अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या त्या लिहिलेल्या हेतूची फळं आहेत.

शेतजमिनीचं प्रकरण वेगळं. घाटंजीकडचे एक कास्तकार म्हणाले, “साहेब, माह्यं तीन एकर वावर शाळेले लिहून द्या.” विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कूळकायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन बक्षीस द्यायची तर तो आडवा येतो, परवानगीच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून आम्ही वावर पुतण्याला ठेवलं आणि गावातलं घर शाळा चालवणाऱ्या संस्थेला लिहून दिलं. “घरात पोरं बसतीन ना अभ्यासाले?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावरच त्यांनी सही केली.

गुरुजी तीन वर्षांनी गेले. मुलगा आला, दिवस केले आणि बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेत गेला. नॉमिनी म्हणून ठेवींची रक्कम त्याच्या खात्यात आली आणि त्याच आठवड्यात त्याने वसतिगृहाच्या नावे धनादेश काढला. कार्यालयातल्या बाईंनी पावतीवर त्याचं नाव लिहायला घेतलं, तसं त्याने त्यांना थांबवलं.

“माझं नको. गुरुजींचं लिहा,” तो म्हणाला.

त्या पावतीची एक प्रत माझ्याकडच्या गुरुजींच्या फाइलमध्ये शेवटचा कागद म्हणून लावलेली आहे.