अहमद टिमोल : आठवणींतून उभा राहिलेला पुरावा

वर्णभेदविरोधी कार्यकर्ता अहमद टिमोल २७ ऑक्टोबर १९७१ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या जॉन व्हॉर्स्टर स्क्वेअर पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवरून खाली पडून मरण पावला. तिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. त्याने दहाव्या मजल्यावरच्या १०२६ क्रमांकाच्या खोलीच्या खिडकीतून स्वतःच उडी घेतली, असे सुरक्षा पोलिसांनी जाहीर केले. १९७२ च्या चौकशीत दंडाधिकाऱ्यांनीही आत्महत्या म्हणून शिक्कामोर्तब केले आणि कोणालाही दोषी धरले नाही. हा निष्कर्ष पुढे पंचेचाळीस वर्षे टिकला.

टिमोलचे आईवडील मूळचे गुजरातचे. तो रूडेपोर्टच्या भारतीय वस्तीत वाढला आणि तिथल्याच शाळेत शिक्षक झाला. १९६६ च्या अखेरीस हजला गेला तो तिथून लंडनला पोहोचला. पुढे मॉस्कोच्या लेनिन स्कूलमध्ये प्रशिक्षण घेऊन १९७० मध्ये मायदेशी परतला आणि बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या भूमिगत कामाला लागला. २२ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर सहकारी सलीम एसॉपसोबत तो पकडला गेला.

टिमोल मेला तेव्हा त्याचा भाचा इम्तियाज काजी लहान होता. मामाच्या मृत्यूबद्दल घरात जे ऐकले, त्याचाच त्याने मोठेपणी पाठपुरावा सुरू केला. टिमोलच्या आई हवा टिमोल यांनी १९९६ मध्ये, वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन व सलोखा आयोगापुढे साक्ष दिली होती. तरीही प्रकरण पुढे सरकले नाही. काजीने नातेवाईक, मित्र आणि सहकारी यांना गाठून माहिती गोळा केली आणि २००५ मध्ये पुस्तक काढले. २०१५ मध्ये ‘इंडियन्स कान्ट फ्लाय’ हा माहितीपट आला. अझादव्हिलच्या शाळेला १९९९ मध्येच टिमोलचे नाव दिले गेले होते; त्या समारंभाला नेल्सन मंडेला हजर होते. हुतात्म्याचे नाव पाटीवर लागले की बहुतेक ठिकाणी शोध संपतो. इथे तसे झाले नाही.

आठवण मात्र एकटी न्यायालयात उभी राहत नाही. २०१७ मध्ये न्यायमूर्ती बिली मोथले यांच्यापुढे चौकशी पुन्हा सुरू झाली तेव्हा आठवणी वैद्यकीय नोंदींशी ताडून पाहता आल्या. छळ सोसून वाचलेल्या एसॉपने आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार टिमोल दुपारी पडला. त्या दिवशी इमारतीच्या परिसरात असलेल्या सामान्य माणसांनी मात्र सकाळची वेळ सांगितली. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी शवविच्छेदनाचा जुना अहवाल नव्याने वाचला. कवटी, जबडा आणि घोटा यांच्या जखमा पडण्याआधीच्या, मारहाणीच्या होत्या, असा निष्कर्ष निघाला. खोलीत हजर असलेला पोलीस जोआओ रॉड्रिग्ज सांगत होता, की टिमोल टेबलाला वळसा घालून खिडकीकडे धावला. अशा घोट्याचा माणूस धावेल कसा? पोलिसांची गोष्ट नेमकी इथे कोसळली.

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी निकाल लागला : टिमोलने उडी मारली नाही, त्याला खिडकीतून किंवा गच्चीवरून ढकलले गेले, म्हणजे हा खून होता. घरच्यांनी सांभाळलेली शंका आता न्यायालयाचा निष्कर्ष झाली. अशा शोधात ओळखीचा माणूस विचारायला येतो म्हणून लोक बोलतात. पण तीच ओळख संशोधकाला नायकाच्या प्रेमातही पाडते. टिमोलच्या बाबतीत उलटतपासणीने हा धोका बराच आटोक्यात ठेवला.

या निकालानंतर पोलीस कोठडीतल्या इतर मृत्यूंच्याही चौकशा नव्याने झाल्या. १९८२ मध्ये याच इमारतीत मेलेले डॉक्टर आणि कामगार संघटक नील ॲगेट यांनी आत्महत्या केली नव्हती, असे २०२२ मध्ये न्यायालयाने ठरवले. दंतवैद्य हूसेन हाफेजी यांच्या १९७७ मधल्या मृत्यूबाबतही २०२३ मध्ये तसाच निर्णय झाला. रॉड्रिग्जवर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला गेला. त्याने खटला रद्द व्हावा म्हणून वरच्या न्यायालयांत दाद मागितली आणि सुनावणी उभी राहण्याआधीच २०२१ मध्ये तो मरण पावला.