सुटीची शिदोरी

शाळांना सुटी लागली की सामान्य गोमंतकीय पालकाला खर्चाची धास्ती वाटते. आमच्या मते ही धास्ती अनाठायी आहे. नाताळच्या सुटीत रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडणला जावे, तेथील डॉ. सलीम अली अभयारण्यातील खारफुटीत त्या दिवसांत स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. मे महिन्यात, ऊन चढण्यापूर्वी, रिवणजवळील उसगाळीमळ गाठावे. कुशावतीकाठी जांभ्या दगडावर आदिमानवाने कोरलेले बैल, मोर आणि चक्रव्यूह तेथे उघड्यावरच पाहावयास मिळतात. १९९३ साली ते प्रकाशात आले. सोबत घरची शिदोरी असली म्हणजे पुरे. दूरदूरचे प्रवासी ज्या भूमीसाठी येतात, तीच आपल्या मुलांना अनोळखी राहिली, तर उद्या तिचे रक्षण कोण करणार?