गुरुजी शिबिराहून परत आले, आता आपले काम



आज खताविषयी किंवा बियाण्याविषयी लिहीत नाही. तुमच्या मुलांच्या गुरुजींविषयी आणि बाईंविषयी लिहितो आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याने शाळेच्या कारभारात कशाला डोकावे, असे तुम्ही म्हणाल. पण माझी निम्मी नोकरी दुसऱ्यांना प्रशिक्षण देण्यात गेली. त्यात मी ज्या चुका केल्या, त्याच आता शाळेच्या बाबतीत होताना दिसतात. म्हणून राहवत नाही.

केळव्यात आणि आसपासच्या पाड्यांत एक वाक्य वरचेवर कानी येते. "बाई आजपण नाहीत, ट्रेनिंगला गेल्यात." मूल दप्तर घेऊन अकराच्या सुमारास घरी परत येते. आई वाडीत पाने खुडायला गेलेली असते, बाप माल घेऊन स्टेशनावर. मग ते पोर दिवसभर किनाऱ्यावर, नाहीतर चिकूच्या झाडाखाली. शाळा दोन शिक्षकांची असेल तर एक जण गेला की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग पडतात. आईबापांना राग येतो, आणि तो खोटा नाही.

पण राग नेमका कशावर धरायचा, हे आधी पाहू. त्यासाठी माझीच एक फजिती सांगतो.

फळ्यावरचे बोर्डो मिश्रण

नोकरीला लागून तीन-चार वर्षे झाली होती. पावसाळ्यात पानवेलीला मुळाशी कूज लागली होती. वेल सकाळी हिरवी दिसायची आणि दोन दिवसांत माना टाकायची. मी बागायतदारांना एका सभागृहात जमवले. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. चहा झाला, हजेरीपटावर सह्या झाल्या. मी वर अहवाल पाठवला की इतके शेतकरी प्रशिक्षित झाले.

पंधरवड्याने एका बागायतदाराने निरोप धाडला, "साहेब, येऊन बघा." गेलो. बुंध्याशी ओतताना मिश्रण जिथे जिथे उडाले होते, तिथली कोवळी पाने करपली होती. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने ते लोखंडी पिंपात केले होते. चुना जुना, हवा लागून मेलेला होता. आणि मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहायचे असते, हे त्याला ठाऊकच नव्हते. असणार कसे? मी सांगितलेच नव्हते! माझ्या अहवालात मात्र तो "प्रशिक्षित शेतकरी" होता.

मग मी त्याच्या वाडीतच बसलो. मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या टिपात रात्रभर पन्नास लिटर पाण्यात टांगून ठेवला. ताजा चुना वेगळा विरवून, गाळून, त्याचेही पन्नास लिटर केले. सकाळी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टिपात ओतले आणि काठीने ढवळले. लोखंडी पाते घासून त्यात बुडवले. पात्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हे सगळे त्याने स्वतःच्या हाताने केले, मी फक्त शेजारी उभा राहिलो. आठ दिवसांनी परत गेलो. त्या बागायतदाराने पुढे शेजारच्या दोघांना मिश्रण शिकवले, मला जावेही लागले नाही.

आमच्या खात्यात १९८० च्या दशकात "प्रशिक्षण व भेट" योजना चालली होती. ठरल्या दिवशी कर्मचाऱ्याने शिकायचे, आणि ठरल्या वारी शेतावर जायचे. योजनेचे नाव दोन शब्दांचे होते. त्यातली "भेट" गळली की उरलेले प्रशिक्षण कागदावर राहते, हे मी त्या करपलेल्या पानांवरून शिकलो.

शिक्षकाला पुन्हा शिकायचे कशाला?

"डी.एड., बी.एड. करूनच नोकरी लागते ना? मग पुन्हा शिकायचे काय?" हा प्रश्न मला पारावर हमखास विचारतात. मी उलट विचारतो, वीस वर्षांपूर्वीचे भाताचे वाण तुम्ही आज तसेच लावता का? फवारणीचे औषध तेच राहिले आहे का?

शाळेतही तसेच आहे. पुस्तके बदलतात. पहिलीच्या वर्गात वारली बोलणारे मूल असते, मांगेली बोलणारे असते, वाडवळी बोलणारे असते. पुस्तकातली मराठी त्या प्रत्येकाला थोडी परकी वाटते. या मुलांना वाचायला कसे शिकवावे, हे एकदाच पदवी घेऊन कायमचे येत नाही.

म्हणून नोकरीतल्या शिक्षकांसाठी अभ्यासक्रम ठेवलेले आहेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. लोक त्यांना "डाएट" म्हणतात. एका केंद्रातल्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात ती शिक्षण परिषद. २०१७ साली "दीक्षा" ही व्यवस्था आली, त्यामुळे मोबाईलवर अभ्यासक्रम करता येऊ लागले. २०१९ मध्ये देशभर "निष्ठा" नावाचे प्रशिक्षण सुरू झाले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत. म्हणजे बाई ट्रेनिंगला जातात ते शाळा चुकवायला नव्हे. ते त्यांचे कामच आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. काही प्रशिक्षणे माझ्या फळ्यावरच्या बोर्डोसारखी होतात. सभागृहात पडद्यावर चित्रे, जेवण, सह्या, प्रमाणपत्र. मोबाईलवरचा अभ्यासक्रम असेल तर रेंज शोधत गच्चीवर जायचे, चित्रफीत लावून ठेवायची आणि शेवटी प्रश्नांची उत्तरे टिकवायची. तास भरतात, वर्गात मात्र काही हलत नाही. दोष प्रशिक्षण घेण्यात नाही. नंतर वर्गात कोणी जात नाही, तिथे दोष आहे.

कोसबाडच्या टेकडीवर

चांगले प्रशिक्षण कसे असते हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. केळवे रोडला गाडीत बसा, डहाणूला उतरा आणि कोसबाडची टेकडी चढा. आमचे कृषी विज्ञान केंद्र तिथेच आहे, त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण तिथे गेलेही असतील. त्याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आयुष्य घातले.

अनुताईंची गोष्ट प्रत्येक शिक्षकाने आणि पालकानेही ऐकावी अशी आहे. बालपणी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. तेव्हा अनुताईंना शिकवण्याचा पंधरा वर्षांहून अधिक अनुभव होता, वय पस्तिशीचे होते. "मला सगळे येते" असे म्हणायला त्या मोकळ्या होत्या. पण त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या आणि नव्याने शिकायला बसल्या.

हे शिकणे सभागृहातले नव्हते. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसले तेव्हा या दोघी शाळा घेऊन वस्तीत गेल्या. अंगणात भरली ती अंगणवाडी. आज सरकारी योजनेतला हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे, तो या कामातून आला. १९५७ साली काम कोसबाडला हलले. तिथे आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने झाली. आणि ज्या बालसेविका त्यांनी तयार केल्या, त्या मुलांच्यात बसून, चुकत-माकत शिकल्या.

प्रशिक्षण वर्गातच द्यायचे, हाताने करून घ्यायचे, आणि शिकवणारा शेजारी उभा राहायचा. माझ्या बोर्डो मिश्रणाचे गणित या दोघींनी माझ्या जन्माआधीच सोडवून ठेवले होते.

हिरांच्या जुड्या

आता जी गोष्ट सांगतो ती सांगताना मला संकोच वाटतो. शाळा आपल्याच भागातली आहे, नाव सांगत नाही.

तिथल्या एका बाई गणिताचे पाच दिवसांचे प्रशिक्षण करून आल्या. आल्याबरोबर त्यांनी मुलांना झावळ्यांचे हीर आणायला सांगितले. दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधल्या. चिंचोके, शिंपल्या गोळा केल्या. मुले जमिनीवर बसून जुड्या बांधायची, सोडायची आणि मोजायची. वर्गात गलका असायचा.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. वृक्षारोपणासाठी मीही गेलो होतो. एक पालक म्हणाले, "बाई, पोरं नुसती खेळतात. पाढे कधी घेणार?" दुसऱ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे पाहिले तेव्हा मी म्हणालो, "पाढे तर पाहिजेतच." एवढेच बोललो. पण साहेबही तेच म्हणतात, असा त्याचा अर्थ झाला. बाई काही बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर परत त्या शाळेत गेलो. जुड्या कपाटावर धूळ खात पडल्या होत्या. मुले एका सुरात पाढे म्हणत होती. पालक खूश होते. तिसरीतल्या एका मुलीला मी सहज म्हटले, "बाळ, चौऱ्याहत्तर लिहून दाखव." तिने पाटीवर लिहिले : ७०४. सत्तर आणि पुढे चार. तिच्या हिशेबी ते बरोबरच होते.

बाई कपाटाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "साहेब, सात जुड्या आणि चार सुटे हीर हातात असते, तर तिने असे लिहिले नसते. पण बैठकीत तुम्हीच म्हणालात ना."

मला त्या करपलेल्या पानांची आठवण झाली. इथे प्रशिक्षण चांगले झाले होते. बाईंनी ते वर्गात आणलेही होते. ते कपाटावर चढवले आम्ही, गावाने आणि मी.

पुढच्या बैठकीला मी मुद्दाम गेलो आणि आधी माझी चूक कबूल केली. मग जुड्या खाली काढून पालकांच्याच हातात दिल्या. त्रेचाळीसातून अठरा वजा करा म्हटले. हातचा घेताना एक जुडी सोडावी लागते, हे एका आजीबाईंनी सर्वांच्या आधी दाखवले. जन्मभर खराटे बांधलेल्या त्या. त्या म्हणाल्या, "हे तर आमचेच काम हो!" तेव्हापासून त्या वर्गात जुड्या परत आल्या. पाढेही होतात, नंतर.

तुम्ही काय करावे?

१. बाई किंवा गुरुजी प्रशिक्षणाला जाणार असतील तर तारीख आधी विचारून घ्या. त्या दिवसांत वर्ग कोण घेणार, हे शाळा व्यवस्थापन समितीत ठरवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. तेव्हा समिती तुमचीच आहे.

२. परत आल्यावर "काय शिकलात?" एवढ्यावर थांबू नका. "आमच्या मुलांच्या वर्गात आता काय वेगळे करणार?" असेही विचारा. आदराने विचारा. चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतो.

३. नवीन पद्धतीला एक हंगाम द्या. नवे वाण लावल्यावर आठवड्याने उपटून मूळ पाहत नाही ना आपण?

४. हीर, बिया, शिंपल्या, जुनी वजने घरातून द्या. वाडीतला हिशेब, पानांची मोजणी, खाडीची भरती-ओहोटी तुम्हाला जितकी कळते तितकी पुस्तकाला कळत नाही. बाईंनी बोलावले तर वर्गात जाऊन सांगा.

५. प्रशिक्षण नुसते सह्यांपुरते झाले असेल, तर शिक्षकांना बोल लावू नका. समितीत ठराव करून केंद्रप्रमुखांना कळवा की प्रशिक्षणानंतर कोणीतरी आमच्या शाळेत, वर्ग चालू असताना यावे. "भेट" मागून घ्या.

६. आणि घरी, मुलासमोर, "आज काय नुसते खेळवले का?" असे म्हणू नका. त्याऐवजी "आज कशाने मोजलेस?" असे विचारा.

त्या मुलीला मी यंदा पुन्हा भेटलो. ती आता पाचवीत आहे. आईबरोबर बाजारात पाने विकायला बसली होती. हिशेब तोंडी केला आणि उरलेली मोड मला बरोबर परत दिली. मी मोजून घेतली नाही.