मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह

मुलास इंग्रजी शब्द शिकविणे म्हणजे त्याचा मराठी प्रतिशब्द पाठ करवून घेणे, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. फळ्यावर दहा शब्द व त्यांचे दहा अर्थ लिहावयाचे, मुलांनी ते उतरून घ्यावयाचे व दुसऱ्या दिवशी घोकून दाखवावयाचे, की पाठ संपला. पंधरवड्याने तेच शब्द विचारले असता त्यांतील बरेचसे विरून गेलेले आढळतात. ज्या घरी इंग्रजी कानांवर पडत नाही, तेथील मुलाची हानी यात सर्वांत अधिक. कारण शाळेबाहेर तो शब्द त्यास पुन्हा भेटण्याचा संभवच नसतो.

हे विस्मरण कसे घडते, याचे मापन हरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने प्रथम केले. त्याचा ग्रंथ 1885 साली प्रसिद्ध झाला. निरर्थक अक्षरगटांच्या माळा तो स्वतः पाठ करी व काही काळाने त्याच माळा पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात, हे मोजी. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक-तृतीयांशच उरे; मात्र पुढील घसरण मंद होत जाई. त्यास आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. आदल्या एकाच दिवशी केलेल्या 68 आवृत्तींनी जे साधे, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्तींनी साधत असे. अर्थपूर्ण शब्द निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतात हे खरे. परंतु आवृत्ती विभागण्याचा लाभ त्यांनाही मिळतो. तेव्हा सोमवारी अर्धा तास घोकण्यापेक्षा सोमवारी, मंगळवारी, शुक्रवारी व पुढील आठवड्यात पाच-पाच मिनिटे देणे हिताचे होय. यास खर्च काहीच नाही. तरीही ते क्वचितच केले जाते.

शब्द एकदा भेटल्याने मनात काहीच उरत नाही, असे मात्र नव्हे. सुझन केरी व एल्सा बार्टलेट यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषी बालकांना एका अनोळखी रंगाचे नाव बोलण्याच्या ओघात सहज ऐकविले होते. पुष्कळ बालकांच्या मनात, तो कुठल्यातरी रंगाचा शब्द आहे, एवढी अंधुक खूण राहिली. त्या खुणेवर पूर्ण अर्थ चढण्यास मात्र पुढे दीर्घ काळ लागतो.

आता शब्द कोणते निवडावे? मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत विरळ शब्दांची गर्दी असते व ओळखीचा मजकूर फार थोडा असतो, असे त्यांस दिसून आले. त्यांनी नित्याचे शब्द आधी घेतले, दोन नव्या शब्दांत पुरेसे अंतर ठेवले व नवा शब्द लगेच पुढे पुनःपुन्हा योजला. 1953 मध्ये त्यांनी सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुरातील शेकडा 80 च्या आसपास शब्द अशा यादीत सापडतात. यादी जुनी झाली, तिच्या नव्या आवृत्ती निघाल्या. तत्त्व टिकून आहे.

तथापि निवड उत्तम असली तरी प्रतिशब्दाचा फास उरतोच. 'हँड' म्हणजे हात, असे शिकलेला मुलगा 'आर्म' या शब्दापाशी अडखळतो. कारण मराठीत पंजापासून खांद्यापर्यंतचा सारा अवयव हातच असतो. हिंदी व बंगाली भाषिक मुलांचीही हीच अडचण. 'फूट' व 'लेग' दोन्ही पाय. 'फिंगर' व 'टो' दोन्ही बोटेच. उलटपक्षी काका, मामा यांस इंग्रजीत 'अंकल' हा एकच शब्द पुरतो. असे शब्द जोडीजोडीने व अवयवावर बोट ठेवूनच शिकवावेत. मातृभाषेचा आधार घेण्यास येथे मुळीच प्रत्यवाय नाही. उलट दोन भाषांच्या सीमा कोठे जुळत नाहीत, हे मुलास मातृभाषेतच स्पष्टपणे सांगता येते.

मुलांच्या तोंडी आधीच असलेले शब्द हे तर आयते भांडवल होय: स्टेशन, तिकीट, पेन्सिल, बस. त्यांपासून आरंभ केल्यास मुलास धीर येतो. सावध राहावयाचे ते रूप तेच परंतु अर्थ सरकलेला, अशा शब्दांविषयी. आपल्या बोलण्यात हॉटेल म्हणजे जेथे चहा व भजी मिळतात ते ठिकाण. इंग्रजी वाचनात मात्र त्या शब्दापाशी बहुधा प्रवाशाच्या मुक्कामाची खोली असते.