बारा मिनिटांचा गव्हर्नर

२०१२ च्या दिवाळीला अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा मेलबर्नला आले. तीन महिन्यांचा व्हिसा, एअरपोर्टवर एकेक डबा उघडून दाखवत आणलेली चकली, आणि ‘इथं दुपारी कुणीच कसं रस्त्यावर न्हाई?’ हा रोजचा प्रश्न. ज्यांचे आई-वडील इथे येऊन गेलेत त्यांना हे सगळं ठाऊक आहे.

अण्णांची चाळीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली. आधी दुसऱ्याच्या लेथवर टर्नर, मग स्वतःचं दोन लेथचं छोटं वर्कशॉप. ऑइल इंजिनाचे पार्ट बनवायचे. त्यांच्या तोंडून हा सगळा इतिहास रेकॉर्ड करून ठेवायचा, असं मी ते येण्याआधीच ठरवलं होतं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्याला आजोबा ऐकायला मिळावेत, एवढाच हेतू. हौसेने घेतलेला डीएसएलआर कॅमेरा होता, एक बरा माइक होता. अजून काय पाहिजे?

एका रविवारी अण्णांना खिडकीजवळ बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि समोर जाऊन बसलो. अण्णा पाऊण तास बोलले. पहिला लेथ घ्यायला पैसे कमी पडत होते तेव्हा आज्जीनं काय केलं, हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मीही ऐकण्यात इतका गुंगलो की कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही.

रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं. फाइल बारा मिनिटांची! शेवटचं वाक्य होतं, ‘आई उठली, आतल्या खोलीत गेली, आणि...’ पुढे काही नाही. आणि जी बारा मिनिटं होती त्यातही अण्णा जरा थांबले की ‘स्स्स्स’ असा आवाज वर यायचा, जणू खोलीत कुणी स्टोव्ह पेटवलाय. अण्णा तर थांबून थांबूनच बोलणारे.

दोष माझाच होता. एका फाइलनंतर रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत म्हटलं, ‘अण्णा, परत एकदा सांगाल का?’

‘एकदा सांगितलं की,’ अण्णा म्हणाले. मग जरा वेळानं, ‘मशीन का थांबलं?’

‘आपोआप थांबतं.’

‘मशीन आपोआप थांबत न्हाई लेका. कुणीतरी थांबीवलंय म्हणून थांबतंय. कुणी आणि का, ते आधी बघ.’

मग मी बघायला लागलो. हे कॅमेरे मेमरी कार्ड फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीने वापरायचे. त्यात एका फाइलला चार गिगाबाइटच्या वर जाता येत नाही. फुल एचडीमध्ये साधारण बारा मिनिटांत तेवढी जागा भरते. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांना दुसरीही एक मर्यादा होती, २९ मिनिटं ५९ सेकंदांची. तिचा यंत्राशी काही संबंध नव्हता. अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्डिंग करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा मानलं जायचं आणि त्यावर जास्त आयातकर लागायचा, म्हणून ती घातलेली. आणि तो ‘स्स्स्स’? तो ऑटोमॅटिक गेनचा. आवाज कमी झाला की कॅमेरा आपणहून कान टवकारतो आणि मग नको ते सगळं ऐकू येतं. सहलीचे व्हिडिओ काढणाऱ्याला ही सोय, माझ्यासारख्याला ताप.

म्हणजे अण्णांचं बरोबर होतं. तीनही ठिकाणी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं होतं. आणि याच वाटेने शोधत जाताना मला ‘मॅजिक लँटर्न’ सापडलं.

कॅननचा फाइव्ह डी मार्क टू २००८ मध्ये आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर लोक सिनेमे काढायला लागले. ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेचा २०१० मधला एक अख्खा भाग त्यावर चित्रित झाला. पण आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय सुरुवातीला त्यात नव्हती. २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन या अमेरिकन प्रोग्रॅमरने त्यासाठी स्वतःच एक जोड-प्रोग्रॅम लिहिला, त्याला मॅजिक लँटर्न नाव दिलं आणि सोर्स कोडसकट फुकट वाटला. मग वेगवेगळ्या देशांतले हौशी लोक, नोकरी-अभ्यास सांभाळून, त्यात भर घालत गेले. आवाजाचे मीटर, कुठे उजेड जास्त झालाय ते दाखवणारे पट्टे, फोकस कुठे बसलाय ते दाखवणाऱ्या रंगीत कडा, ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणं... यादी वाढतच गेली.

हे नाव वाचल्यावर मला थांबावंच लागलं. मॅजिक लँटर्नला आपल्याकडे फार सुंदर मराठमोळं नाव आहे, शांबरिक खरोलिका. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ या नावाने करत. आणि गंमत बघा, त्याच १८९२ साली इथे मेलबर्नमध्ये साल्व्हेशन आर्मीचा ‘लाइमलाइट डिपार्टमेंट’ सुरू झाला, तोही मॅजिक लँटर्नच्या खेळांसाठी. पुढे १९०० मध्ये त्यांनी मेलबर्न टाउन हॉलमध्ये काचेची चित्रं आणि छोट्या फिल्म मिळून मोठा कार्यक्रम केला. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग आमचे बाबूराव पेंटर न्हाईत व्हय?’ कोल्हापूरचा माणूस कॅमेऱ्याच्या गोष्टीत बाबूरावांना आणणारच! पण तेही खरंच. विलायती कॅमेरा परवडेना म्हणून आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी तो घरीच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम तडीस नेलं आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो उगाच नाही.

तरी मला भीती वाटत होती. कॅमेरा बंद पडला तर? हे काम करणारे लोक स्वतःच आधी बजावतात, काही बिघडलं तर जबाबदारी तुमची. पण पद्धत समजली तसा जीव थोडा भांड्यात पडला. कॅमेऱ्यातला मूळ प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, पुसला जात नाही. मॅजिक लँटर्न मेमरी कार्डवर राहतं. कॅमेऱ्याच्या आत एक खूण तेवढी बदलायची. त्यामुळे सुरू होताना तो कार्डकडे बघतो आणि तिथला जोड-प्रोग्रॅमही चालवतो. साधं कार्ड घातलं की कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा. पॅनासोनिकच्या जीएच-वन कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी होती. २०१० मध्ये व्हिताली किसेलेव्ह यांनी तयार केलेल्या टूलने कंपनीची अपडेट फाइल उघडून त्यातले आकडेच बदलता यायचे आणि ती फाइल कॅमेऱ्यात घालायची. तिथे धोका जास्त.

मूळ प्रोग्रॅम वाचायलाच या लोकांनी काय कष्ट घेतले असतील! कॅननच्या छोट्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांवर आधी असंच काम झालं होतं. तिथे आतला प्रोग्रॅम बाहेर काढायला रस्ता नव्हता, तेव्हा कॅमेऱ्याचा बारीक दिवा मिचकवून एकेक बिट बाहेर काढला आणि समोर ठेवलेल्या सेन्सरने तो टिपला. हे ऐकल्यावर अण्णांनी पहिल्यांदा चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. ‘पगार कोण देतंय त्यांना?’ कुणीच नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग काम चांगलं असणार.’

शनिवारी रात्री बॅटरी पूर्ण चार्ज केली, कॅमेऱ्यातल्या फर्मवेअरचा आकडा तीनदा जुळवून बघितला आणि कार्ड घातलं. दिवा लुकलुकला, एक-दोन मिनिटं गेली, ती मला फार मोठी वाटली. मग पडद्यावर नवा मेनू आला. त्यात एक सोय होती बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवायची त्याची. बहुतेक लोक चित्र अधिक स्वच्छ यावं म्हणून तो वाढवायचे. मीही वाढवायला निघालो होतो.

‘थांब,’ अण्णा म्हणाले. ‘तुला चित्र पाहिजे का बोलणं?’

मग त्यांनी मला इंजिनाचा गव्हर्नर समजावून सांगितला. ऑइल इंजिनाची गती ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा भाग. पाणी जास्त पडावं म्हणून काही शेतकरी तो बांधून टाकायचे. इंजिन जोरात पळायचं, आणि महिन्याभरात वर्कशॉपमध्ये यायचं. ‘गव्हर्नरला हात लावायला ना न्हाई. पण तो कशासाठी बसवलाय ते कळल्याशिवाय लावायचा न्हाई. तुला पाणी जास्त येळ पाहिजे. मग गती कमी कर की.’

मी बिटरेट निम्म्यावर आणला. चित्र किंचित भरड झालं, पण चार गिगाबाइटात आता चोवीसेक मिनिटं मावत होती. ऑटोमॅटिक गेन बंद केला, मीटर बघून पातळी हाताने लावली. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला आणि दर गजराला चहाच्या निमित्ताने रेकॉर्डिंग नव्याने सुरू केलं.

अण्णांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. मी मागितली नव्हती. ‘आई उठली, आतल्या खोलीत गेली, आणि पाटल्या काढून आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या. बोलली काही न्हाई.’ एवढं सांगून अण्णा गप्प झाले. फाइलमध्ये ती शांतता बावीस सेकंदांची आहे. त्यात स्टोव्हचा आवाज नाही. बाहेर झाडावर मॅगपाय पक्षी बोलतोय, घड्याळ टिकटिकतंय, आणि अण्णा एकदा घसा खाकरतात. मग म्हणतात, ‘त्या परत करून द्यायच्या राहिल्या.’

पुढच्या वर्षी, मे २०१३ मध्ये, मॅजिक लँटर्नवाल्यांनी कमालच केली. फाइव्ह डी मार्क थ्रीवर १४ बिटचं रॉ व्हिडिओ. फुल एचडीची २४ चित्रं म्हणजे सेकंदाला सुमारे ८७ मेगाबाइट, मिनिटाला पाच गिगाबाइटच्या वर. आमच्या मेलबर्नच्याच ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने २०१२ मध्ये रॉ व्हिडिओचा सिनेमा कॅमेरा जाहीर केला होता, तोही ३ हजार डॉलरच्या आत. कॅननने स्वतः २०२० च्या आर-फाइव्हमध्ये आठ-के रॉ दिलं. आवाजाचे मीटर, फोकसच्या रंगीत कडा, हे सगळं आता नव्या कॅमेऱ्यांत असतंच. त्या हौशी लोकांनी ज्याच्यासाठी रात्री जागवल्या ते आज दुकानात मिळतं. कॅमेऱ्याला हे जमत नव्हतं असं नाही, ते द्यायचं की नाही एवढाच प्रश्न होता.

अण्णा २०१७ मध्ये गेले. माझा मुलगा आता तेव्हाच्यापेक्षा खूप मोठा झालाय. त्याला मराठी समजतं, पण अण्णांचं कोल्हापुरी अर्धंच कळतं. त्या बावीस सेकंदांचा अर्थ मात्र त्याने मला विचारला नाही.

आता तुमच्या खिशातला फोनही तासभर सहज रेकॉर्ड करतो. तेव्हा आई-वडील इथे आले की एवढंच करा. आधी पाच मिनिटांची चाचणी घ्या आणि ती कानाला लावून ऐका. फोनमध्ये जागा किती आहे ते बघा. आणि ते बोलताना मधे थांबले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका.