श्वसनोपचारकाची नोंदणी आणि राजाची अनुज्ञा

वैद्याने व्यवसायास केव्हा प्रारंभ करावा, हे सुश्रुताचार्यांनी विशिखानुप्रवेशनीय अध्यायात सांगितले आहे. शास्त्राचे अध्ययन झाले, त्याचा अर्थ उमगला, कर्म पाहून झाले, स्वहस्ते करूनही झाले. तरी राजाची अनुज्ञा मिळाल्यावाचून त्याने या मार्गावर पाऊल टाकू नये. कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो लोभामुळे आणि राजाच्या दोषामुळे, असेही सूत्रस्थानात म्हटले आहे. आपणा सर्वांस या अनुज्ञेचे आजचे रूप परिचित आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये मिळालेला नोंदणी क्रमांक आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेला असतो.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य, द्रव्य आणि रुग्ण यांच्या बरोबरीने उपस्थात्यास स्थान दिले. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे चार गुण. त्यांपैकी ज्ञान प्रथम सांगितले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आजच्या अतिदक्षता विभागात हा उपस्थाता कृत्रिम श्वसनयंत्राच्या, म्हणजे व्हेंटिलेटरच्या, कळा फिरवत उभा असतो. त्यास अनुज्ञा कोणाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न परका आहे असे काही व्यवसायबांधवांस वाटते. तसे मुळीच नाही. आपल्या राज्यातील कितीतरी खासगी रुग्णालयांत रात्रपाळीस निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून बीएएमएस पदवीधर असतो. प्रस्तुत लेखकही पदवीनंतर काही काळ अशा एका रुग्णालयात होता. एके रात्री तमकश्वासाच्या तीव्र वेगाने ग्रस्त अशी पन्नाशीची स्त्री व्हेंटिलेटरवर होती. तज्ज्ञ डॉक्टर यंत्र लावून देऊन घरी गेलेले. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसताच ड्यूटीवरील तंत्रज्ञाने यंत्राची श्वसनगती मिनिटास १२ वरून २६ वर नेली. त्याच्याजवळ सहा महिन्यांच्या कुठल्याशा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र होते. अर्ध्या तासात रुग्णेची छाती फुगून ताठ झाली व रक्तदाब ७० वर आला. मी सलाईन वेगाने सोडले आणि तज्ज्ञांना फोन लावला. तो लागेना.

तेवढ्यात ऑक्सिजन सिलिंडर बदलण्यास आलेल्या वयस्क मामांनी रुग्णेकडे पाहिले, पुढे होऊन श्वासनलिकेतील नळी यंत्रापासून सोडवली आणि छातीवर दोन्ही हातांनी हलका दाब दिला. कितीतरी वेळ हवा सूं सूं करीत बाहेर येत राहिली. रक्तदाब सावरला. "डॉक्टर, हिला घ्यायला त्रास नाही, सोडायला त्रास आहे," एवढेच ते म्हणाले. तमकश्वासात वायूचा मार्ग कफाने अडतो, हे मी पाच वर्षे घोकले होते. श्वासमार्ग आकुंचित असता गती वाढवली की निःश्वासास अवधी उरत नाही, प्रत्येक श्वासागणिक हवा आत साठत जाते आणि हृदयाकडे येणारे रक्त अडते, ही त्याची यंत्रावरील बाजू मला त्या रात्री कळली. मामा दहावीही झालेले नव्हते.

यंत्राची एक कळ काय करू शकते, याचे प्रमाण इ.स. २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. फुफ्फुसांना तीव्र इजा झालेल्या ८६१ रुग्णांपैकी काहींना अपेक्षित शरीरभाराच्या दर किलोस १२ मि.लि., तर काहींना ६ मि.लि. हवा प्रत्येक श्वासागणिक दिली गेली. मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात ३९.८ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के. औषध कोणतेही वेगळे नव्हते.

अमेरिकेत श्वसनोपचारकांची संघटना १९४७ पासून आहे; राज्याचा परवाना मात्र सर्वप्रथम कॅलिफोर्नियाने १९८२ च्या कायद्याने आवश्यक केला. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत तो लागतो. लेखी परीक्षेत वरची गुणमर्यादा गाठणाऱ्यास रुग्णप्रसंगांवर आधारित दुसरी परीक्षा देता येते आणि तीही उत्तीर्ण झाल्यास वरच्या श्रेणीची मान्यता मिळते. कॅलिफोर्नियात २०१५ पासून नव्या परवान्यासाठी हीच वरची श्रेणी लागते.

आपल्याकडे कायदा झाला तो २०२१ मध्ये. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत श्वसनतंत्रज्ञाचा स्पष्ट उल्लेख आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकास किमान २००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकास किमान ३६०० तासांचे शिक्षण सांगितले असून राज्य परिषदांनी नोंदवही ठेवावयाची आहे. परिषदा स्थापण्यात राज्यांनी इतकी दिरंगाई केली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास दोन महिन्यांत अंमलबजावणीचा आदेश द्यावा लागला. दरम्यान कोविडचे थैमान होऊन गेले. पीएम केअर्स निधीतून ५०,००० व्हेंटिलेटर मागविले गेले, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत चालविणारा प्रशिक्षित मनुष्य नाही म्हणून यंत्रे पडून असल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. यंत्र विकत घेता येते. ते चालविणारा हात एका निविदेत मिळत नाही.

नोंदणी हवीच, याविषयी लेखकास शंका नाही. चूक करणाऱ्यास जाब विचारता येईल, असे दुसरे साधन नाही. त्या रात्रीचा तंत्रज्ञ पुढे दुसऱ्या रुग्णालयात रुजू झाला. तेथे कोणी काही विचारले नाही, कारण विचारायचे कोठे हेच ठरलेले नव्हते. परंतु निव्वळ प्रमाणपत्र पाहून नाव चढवावयाचे ठरले, तर तो नोंदवहीत येईल आणि मामा बाहेर राहतील. या बाबतीत आपला स्वतःचा इतिहास उपयोगी आहे. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने भारतीय वैद्यकाच्या व्यवसायींची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पदवी नसलेल्या, परंतु व्यवसाय करीत असलेल्या वैद्यांसाठी स्वतंत्र सूची ठेवण्यात आली. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा त्या सूचीतले होते. सूची कालांतराने आटली, पण ती होती म्हणून गावोगावचे अनुभवी हात एका रात्रीत बेकायदा ठरले नाहीत.

तेव्हा दीर्घकाळ काम केलेल्यास मुदतीत अर्ज करता यावा आणि त्याची परीक्षा खाटेपाशी, यंत्र समोर ठेवून, मराठीतून घेतली जावी, अशी मागणी आपल्या संघटनेने राज्य परिषदेकडे करावी. प्रमाणपत्रधारकासही तीच परीक्षा असावी. रात्रपाळी करणाऱ्या तरुण वैद्यांनी, ड्यूटीवर जाताच यंत्रावर कोण आहे व त्याचे शिक्षण काय, हे विचारून घ्यावे. आणि छाती फुगून रक्तदाब उतरल्यास प्रथम नळी यंत्रापासून सोडवावी, फोन नंतर लावावा.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. त्या रुग्णेच्या कागदांवर प्रसंगाची नोंद माझ्या अक्षरात आहे आणि नळी सोडविणाऱ्याच्या जागी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, माझेच नाव आहे.