रुपयावरचा घाव कुणाचा?

पेशवाईतला अंकुशी रुपया भिंगाखाली धरला की फारसी अक्षरांच्या गर्दीत बारीक खाचा दिसू लागतात. कुठे टिंब, कुठे चांदणी, कुठे चंद्रकोर. असं नाणं विकायला काढलं की ‘मार खाल्लेलं’ म्हणून त्याचा भाव पडतो. मला हे पटत नाही. त्यातल्या बऱ्याच खाचा सराफांनी जाणूनबुजून ठोकलेल्या असतात.

त्या काळी अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. कुणाचं वजन कमी, कुणाची चांदी हिणकस, तर काहींच्या आत तांबं आणि वर नुसता चांदीचा पत्रा. परमुलखातला किंवा झिजलेला रुपया घेताना बट्टा कापला जाई आणि तो किती, हे सराफ ठरवी. नाणं वाजवून, तोलून, प्रसंगी छिन्नीने छेदून खात्री पटली की तो त्यावर आपला इवलासा ठसा मारी. तेच नाणं पुन्हा पेढीवर आलं तर ओळख पटे.

टांकसाळीचा छाप खोलगट कोरलेला असतो, म्हणून त्यातली चिन्हं नाण्यावर उठून येतात. ज्या अंकुशावरून या रुपयाला नाव पडलं, तो असा उठावाचा आहे. सराफाची खूण मात्र तयार नाण्यावर वरून ठोकलेली, म्हणून खोलगट. आता अडचण अशी की ओरखडाही खोलगटच असतो. इथे चांदीचा मऊपणा कामी येतो. ठसा आत घुसतो तेव्हा धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. तिरप्या उजेडात खाचेभोवती त्याची बारीक कड दिसते. नाणं उलटून पाहावं. घाव जोराचा असेल तर मागे नेमक्या त्याच जागी अक्षरं चेपलेली आढळतात, कारण खाली ऐरण होती. खरवडीचं तसं नसतं. ती एका टोकाला उथळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला धातूचा कीस गोळा करते.

जमिनीत पुरलेल्या नाण्याचे खड्डे आणखी निराळे. खारवट मातीतलं क्लोराइड चांदीला खातं, हिणातलं तांबं तर त्याआधीच झिरपून जातं. तिथे धातू खरोखरच गेलेला असतो, म्हणून काठ उचललेला नसतो आणि तळ खडबडीत असतो. कडेपासून आत शिरलेली चीर बहुतेक वेळा टांकसाळीतलीच, घणाखाली ताठरलेली चांदी फाटल्याची. वरच्या बाजूला डाखाचा अंश दिसला तर रुपया कधीतरी कडी लावून कुणाच्या गळ्यात होता.

सगळ्यात कठीण प्रकरण छिन्नीच्या सरळ घावाचं. तो सराफाचा असू शकतो, परवाचाही असू शकतो. तिथे काळिमा विचारात घ्यावा. हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचं काळं पुट चढतं. जुन्या घावाच्या आतही ते असतं आणि घावाच्या धारा हाताळून बोथटलेल्या असतात, तर ताजा घाव आतून पांढरा लखलखतो. म्हणूनच जुनी नाणी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासणं थांबवायला हवं. एकदा घासलं की हा पुरावा संपला.

नाण्यावरच्या अशा ठशांतून काय निघू शकतं, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवलं. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने १९४०च्या सुमारास तक्षशिलेच्या निधीतली चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकून घडवलेली, नाणी अभ्यासली. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. कोसंबींनी वजनं आणि ठसे यांची सांगड घातली, तेव्हा दिसलं की ठशांची संख्या वाढते तसं सरासरी वजन उतरत जातं. ठराविक काळाने व्यापारी नाणी तपासून ठसा मारत असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नाणं किती फिरलं याचा हिशेब त्याच्याच पाठीवर होता. हा हिशेब मांडायचा तर ठसा कोणता आणि नुसता घाव कोणता, हे मात्र आधी नाणं हातात धरूनच ठरवावं लागतं.